हँड कंट्रोल किटचे पैसे कुठून उभे करायचे? (गाडी अजून घ्यायची आहे)

बार्शीची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी. बार्शी तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. लहानपणीचा पोलिओ, दोन्ही पायांना कॅलिपर, युडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ७० टक्के. आजवर साइडव्हीलवाल्या स्कूटरवर भागलं. यंदाच्या बदलीत शाळा २६ किलोमीटर लांब गेली, आणि रस्ता असा की निम्म्या वाटेत साइडपट्टीच नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की दोन्ही ट्रॉल्या पुढे जाईपर्यंत मी डांबराच्या कडेला, एक साइडव्हील वर आणि एक खाली. पाऊस असेल तर कॅलिपरच्या बुटात पाणी जातं आणि दिवसभर वर्गात तेच ओले बूट. म्हणून कार घ्यायची ठरवली आहे.

घरचे म्हणतात ड्रायव्हर ठेव. आमच्याकडे ड्रायव्हरला महिन्याला बारा हजार तरी द्यावे लागतात, आणि शाळा सुटेपर्यंत तो करणार काय? पारावर बसून मी कुठे जाते, कुठे येते ते अख्ख्या गावाला सांगणार. मला स्वतःलाच चालवायची आहे.

गाडी ठरली आहे. चार मीटरच्या आतली, पेट्रोल, एएमटी (म्हणजे क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी), शोरूमची किंमत ६,९०,०००. पायांऐवजी हातांनी चालवता यावी म्हणून बसवायच्या हँड कंट्रोल किटचं पुण्याच्या एका किटवाल्याने कोटेशन दिलं आहे: ४८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४०. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच दांडीवर, ढकलली की ब्रेक, ओढली की रेस, आणि स्टिअरिंगवर एका हाताने फिरवायला गोल मूठ. बसवायला गाडी पुण्याला न्यावी लागेल.

अडचण पैशाची. बँक म्हणते कर्ज ऑन-रोड किमतीवर मिळेल, किट त्यात धरता येत नाही. शोरूमवाला म्हणतो, "मॅडम, आधी पासिंग होऊ द्या, नंबर पडू द्या, मग बाहेरून काय हवं ते बसवा." पंचायत समितीत विचारलं तर पगारदार असल्यामुळे तुम्ही कुठल्याच योजनेत बसत नाही, असं उत्तर मिळालं. डाउन पेमेंटमध्येच शिल्लक संपणार आहे. मग हे छप्पन्न हजार आणायचे कुठून? कुणाला या कामासाठी अनुदान, कर्ज, सवलत, काही मिळालं आहे का? जीएसटीत दिव्यांगांना सूट असते असंही ऐकलं होतं. शोरूमवाला म्हणतो आता तिचा काही उपयोग नाही. खरं आहे का?


घाटावरचा_भटक्या:

एखाद्या क्लबला किंवा कंपनीच्या सीएसआरला अर्ज करून बघा मॅडम. आमच्या गावात एका संस्थेने दहा-बारा जणांना स्कूटरला साइडव्हील बसवून दिली होती, फोटोबिटो छापून आले होते.


मिरजेचे_काका:

फोटो काढून घ्यायची हौस असेल तर जरूर अर्ज करा. पण पगारदार बाईला कारच्या किटसाठी देणगी देणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

ताई, मी कमरेखाली अधू आहे, १९९६ च्या अपघातापासून. सारी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, आता निवृत्त. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. तुमच्या शोरूमवाल्याचं एक वाक्य तेवढं मानू नका: "आधी पासिंग, मग किट." तुम्ही छप्पन्न हजारांच्या काळजीत आहात आणि तो तुम्हाला सहज पंचाहत्तर हजार नऊशे भरायला लावतोय.

ऑन-रोडचा कागद काढून बघा. 'आरटीओ' म्हणून जी रक्कम लिहिली असेल तिचा बहुतेक भाग म्हणजे एकरकमी वाहन कर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत तो ११ टक्के आहे. ६,९०,००० वर होतात ७५,९००. दिव्यांगाने स्वतःसाठी बदल करून घेतलेल्या गाडीला हा कर माफ करून घेता येतो. माझ्या २०२३ च्या गाडीला तो लागला नाही. पण गाडी साधी म्हणून नोंदली गेली, कर भरला गेला आणि मग तुम्ही किट बसवलं, तर भरलेला कर परत मागत बसायची वेळ येते. सरकारी खात्यातून परतावा काढणं काय असतं ते झेडपीच्या माणसाला मी सांगायला नको. तुमच्या मेडिकल बिलांचं काय होतं?

म्हणजे किटचे पैसे तुमच्याच ऑन-रोड किमतीत आहेत, ते चुकीच्या खिडकीवर भरू नका एवढंच. क्रम असा ठेवायचा: गाडीचं बिल तुमच्या एकटीच्या नावावर. तात्पुरती नोंदणी घेऊन गाडी शोरूममधून बाहेर. तशीच पुण्याला, किट बसवून. मग तुमच्या आरटीओत, तुमचं म्हणजे सोलापूर, निरीक्षकासमोर तपासणी. आणि मग कायमची नोंदणी, 'अडॅप्टेड व्हेईकल', म्हणजे दिव्यांगासाठी बदल केलेली गाडी म्हणून. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत 'इनव्हॅलिड कॅरेज' जाऊन हे नाव आलं. जुने कारकून अजून पहिलंच म्हणतात, दोन्ही सांगा. नोंदणीचा फॉर्म २० असतो, त्यात ऑक्टोबर २०२० पासून मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' असा वेगळा पर्याय आहे. हा फॉर्म शोरूमचा पोरगा भरतो आणि सवयीने 'इंडिव्हिज्युअल'वर टिक मारून मोकळा होतो. सही करायच्या आधी तो रकाना स्वतः बघा.

शोरूमवाले कुरकुर करतात, कारण आता नव्या गाडीचा नंबर त्यांच्या टेबलावरच पडतो, आरटीओत गाडी न्यावी लागत नाही. तुमच्यासाठी मात्र त्यांना जुन्या पद्धतीने फाइल चालवावी लागते. मी आमच्या शोरूमला बुकिंगच्या पावतीवरच लिहून घेतलं होतं, 'नोंदणी बदलानंतर'. बुकिंगच्या आधी ते सगळ्याला हो म्हणतात. बुकिंगनंतर मॅनेजर कायम मीटिंगमध्ये असतो.

आता किटचं बिल. १८ टक्के लावलेत ना? दिव्यांगांच्या गाडीला बसवायच्या रेट्रोफिटमेंट किटवर ५ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला जीएसटी परिषदेची ४५ वी बैठक झाली, तिथे ठरलं आणि १ ऑक्टोबरपासून लागू झालं. ४८,००० वर ५ टक्के म्हणजे २,४००, एकूण ५०,४००. सहा हजार दोनशे चाळीस रुपये इथेच वाचले. किटवाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. काहीजण 'कार ॲक्सेसरीज' म्हणून बिल फाडतात कारण त्यांच्या बाकीच्या मालाला तोच दर असतो. तुमचं युडीआयडी कार्ड दाखवा आणि बिलावर 'रेट्रो फिटमेंट किट फॉर व्हेईकल यूज्ड बाय द डिसेबल्ड' असं लिहायला लावा. हेच बिल पुढे आरटीओलाही लागतं.

गाडीवरच्या जीएसटीचं शोरूमवाला खरं सांगतोय. पूर्वी चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला बाकीच्यांना २८ टक्के आणि वर उपकर पडायचा, अस्थिव्यंग असलेल्यांना ४० टक्क्यांपुढे अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणलं की १८ टक्के, उपकर नाही. मी ते आणलं होतं, चांगले साठ-पासष्ट हजार वाचले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत आल्या. गाडी स्वस्त झाली ते बरंच झालं, पण आपल्याला जो फरक मिळत होता तो गेला, आणि आपला दर कुणी पाचवर आणला नाही. मागणी चालू आहे, बघू. तुम्ही तरी त्या प्रमाणपत्रासाठी धावपळ करू नका.

विमा. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. जुन्या मोटार टॅरिफपासून चालत आलेलं एक एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं कलम आहे, आयएमटी-१२. दिव्यांगांसाठी बदल केलेल्या आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) तशी नोंद असलेल्या गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. थर्ड पार्टीचा हप्ता तसाच राहतो. एजंटला नुसतं 'अपंगांची सूट' म्हटलं की तो तुमच्याकडे बघत राहतो. 'आयएमटी बारा' म्हणा, मग तो ऑफिसला फोन लावतो. पहिली पॉलिसी गाडी बाहेर काढतानाच घ्यावी लागते, तेव्हा आरसी हातात नसते, म्हणून ती पूर्ण हप्त्याची निघेल. आरसी आली की लगेच कंपनीला कळवून एन्डॉर्समेंट मागा. आणि किटची किंमत विम्यात वेगळी लिहून घ्या. न कळवता बसवलेलं किट आणि मग अपघात, म्हणजे सर्व्हेअरच्या हातात आयतं कारण.

टोल. राष्ट्रीय महामार्ग फी नियम २००८, नियम ११. दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या गाडीला टोल नाही, त्यासाठी सवलतीचा फास्टॅग प्राधिकरणाकडून काढावा लागतो आणि तिथेही ते आरसीवरची नोंदच बघतात. तुम्ही बार्शीहून टेंभुर्णीमार्गे पुण्याला जाणार म्हणजे सरडेवाडी आणि पाटस, दोन नाके. राज्याच्या महामंडळाच्या रस्त्यांवर मात्र ही सूट गृहीत धरू नका, तिथले नियम वेगळे.

तेव्हा वाहन कर, विमा, टोल, तिन्ही गोष्टी त्या एका नोंदीला टांगलेल्या आहेत. माझ्या पहिल्या गाडीची दांडी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने बनवली होती. अशी मजबूत की गाडी भंगारात गेली तरी दांडी शाबूत होती. पण तिला ना बिल ना प्रमाणपत्र, त्यामुळे आरसी शेवटपर्यंत साधीच राहिली आणि वरचं काहीच मिळालं नाही. त्या काळी दुसरं काही मिळतही नव्हतं. आता चाचणी संस्थेची मान्यता असलेली किट मिळतात. आपल्याकडे पुण्याची एआरएआय. कोटेशनमध्ये मान्यतेच्या प्रमाणपत्राचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर दहा हजार स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

कर्जाचं उद्या लिहितो, बसून बसून पाठ धरली.


बार्शीची_मास्तरीण:

काका, तुमचा रिप्लाय दोनदा वाचला, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कोटेशन काढून बघितलं, प्रमाणपत्राचा नंबर आहे त्यावर. ५ टक्क्यांचं किटवाल्याला विचारलं तर म्हणाला, "हो हो मॅडम, ते कार्ड असेल तर करून देतो." म्हणजे माहीत होतंच!

पण लायसन्सचं काय? माझं स्कूटरचं आहे. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला हँड कंट्रोल नाही. शिकू कशावर?


चाकणचा_फिटर:

लायसन्सचं माझं ताजं आहे म्हणून सांगतो ताई. लर्निंग काढायचं, शिकायचं स्वतःच्याच गाडीवर, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवून. टेस्टही स्वतःच्याच गाडीवर द्यायची. लायसन्सवर 'अडॅप्टेड व्हेईकल' हा वर्ग येतो. म्हणजे गाडी आधी आणि लायसन्स मागाहून, त्याला इलाज नाही. पुण्याहून गाडी आणायला मात्र दुसरा माणूस न्या. किट बसवलं तरी पायाचे पेडल तसेच राहतात, कुणीही नेहमीसारखी चालवू शकतो.

आता पैशाचं. मी कंपनीत आहे, प्रेसवर डावा पाय गेला, उजवाही नीट चालत नाही. किटचे सगळे पैसे मी पीएफमधून काढले. ईपीएफ योजनेत परिच्छेद ६८-एन म्हणून आहे, दिव्यांग सभासदाला त्याची अडचण कमी करणारं उपकरण घ्यायला ॲडव्हान्स. परत फेडायचा नाही. सहा महिन्यांचं बेसिक अधिक डीए, किंवा आपला स्वतःचा हिस्सा व्याजासह, किंवा उपकरणाची किंमत, यातलं जे कमी ते. पुन्हा हवे असतील तर मध्ये तीन वर्षं जावी लागतात. फॉर्म ३१, सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र. आमच्या एचआरला हे कलमच माहीत नव्हतं, तो मला आजारपणाच्या कलमाखाली भरायला सांगत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या मंडळाने पैसे काढायची सगळी कलमं एकत्र करून तीनच गट करायचं ठरवलं, त्यामुळे आता काढणाऱ्याने पोर्टलवर कुठलं कारण दिसतंय ते बघून भरावं. मास्तरांना ईपीएफ नसतो बहुतेक, पण इथे कंपनीतले वाचणारे असतील म्हणून लिहिलं.


मिरजेचे_काका:

फिटरभाऊ, ६८-एन लिहिलंत ते उत्तम केलंत. मी बँकेत असताना कितीतरी दिव्यांग खातेदार याच कामासाठी वैयक्तिक कर्ज काढून चौदा-पंधरा टक्के व्याज भरताना बघितलेत, पीएफ तसाच पडून.

ताई, तुमच्यासाठी. तुम्ही नोकरीला १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात की नंतर? आधी असाल तर जीपीएफ आहे, प्रश्नच मिटला, त्यातून काढा. नंतरच्या असाल तर एनपीएस, म्हणजे नवी पेन्शन योजना. त्यातून तीन वर्षांनंतर स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत अंशतः काढता येतात आणि कारणांच्या यादीत अपंगत्वामुळे येणारा वैद्यकीय व आनुषंगिक खर्च आहे. अर्ज कार्यालयामार्फत करावा लागला तर आधी तोंडी विचारून ठेवा, नाहीतर कागद तिथेच मुरतो. आणि तुमच्या शिक्षक पतसंस्थेचं आकस्मिक कर्ज? पन्नास हजारांसाठी ते सगळ्यात कमी कटकटीचं. सभासद आहातच.

पण हे सगळं करायच्या आधी तुमच्या बँकेचं उत्तर पुन्हा तपासा. 'किट कर्जात धरता येत नाही' म्हणजे बाहेरच्या दुकानाचं सुटं कोटेशन धरता येत नाही. बँक बघते शोरूमचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिल. त्यात सीट कव्हर धरतात, टच स्क्रीन धरतात, अगदी अंडरबॉडी कोटिंग धरतात. मग किट का धरायचं नाही? शोरूमला सांगा, प्रोफॉर्मामध्ये ही ओळ घाला. नाही घातली, तर शाखाधिकाऱ्याला हिशेब मांडून द्या: ऑन-रोडमधून वाहन कराचे ७५,९०० वजा, किटचे ५०,४०० अधिक. एकूण रक्कम २५,५०० ने कमीच होते. कर्ज मागितल्यापेक्षा कमी घेणारा ग्राहक शाखाधिकाऱ्याला रोज भेटत नाही.

एक पत्र मात्र न विसरता घ्या. गाडी बँकेकडे तारण राहणार, म्हणून बदल करायला बँकेची लेखी संमती. आरटीओत मागतात. ज्यांच्या गाडीचा नंबर आधीच पडलेला आहे त्यांनीही घाबरू नये. कलम ५२ प्रमाणे दिव्यांगासाठीचा बदल आधी करून मंजुरी नंतर घेता येते, फक्त चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं. गेलेल्या वाहन कराचं सांगता येत नाही, पण विमा आणि टोल पुढे चालू होतात.

एएमटी घेताय तर चढावर थांबवून बघा. दांडी डाव्या हाताला बसवली तर हँडब्रेकही डाव्याच हाताला. ब्रेक सोडून रेस ओढेपर्यंत गाडी मागे घरंगळते, आणि पायवाल्यासारखा तिसरा अवयव आपल्याकडे मोकळा नसतो. म्हणून हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर आपोआप धरून ठेवणारी सोय) असलेलंच मॉडेल घ्या, त्यासाठी म्युझिक सिस्टिम सोडावी लागली तरी चालेल. बार्शीत घाट नाही म्हणाल, पण पुण्यात उड्डाणपुलावर अडकाल तेव्हा आठवेल.

आयकराचं थोडक्यात: दिव्यांग करदात्याची ७५,००० ची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०-यू) फक्त जुन्या करपद्धतीत. दिव्यांगाच्या वाहतूक भत्त्यातला ठरावीक भाग मात्र नव्या पद्धतीतही करमुक्त. तुमच्या पगाराच्या कर-प्रमाणपत्रात तो धरलाय का बघा, बहुतेक हेडक्लार्कला माहीत नसतं.


परळीकडचा:

मॅडम तुमचं कारचं चाललंय, चांगलं हाय. आमचं स्कूटरचं सांगतो, कुनाच्या तरी कामी येईल. मी गावात मोबाइल रिपेअरिंग करतो, पगारपत्रक नाही आन् पीएफ नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, सगळ्यांना आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. आधी ३ होते. त्यातून माझ्या स्कूटरच्या साइडव्हीलचे निम्मे पैसे निघाले. पण मागितल्याशिवाय कुनी देत नाही. बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये घाईघाईत सगळ्यांच्या खात्यावर पाचशे-हजार टाकतात आन् निधी खर्ची दाखवतात. त्याचं काय करायचं मानसानं? अर्ज आधीच द्या, ग्रामसभेच्या आधी, 'वाहन बदलासाठी' असं लिहून, कोटेशन जोडून, आन् पोच घ्या. मी पोच मागितली तर ग्रामसेवक म्हनला माझ्यावर विश्वास नाय का. म्हनलं हाय की, पन शिक्का मारा.

साइडव्हीलचीबी नोंद आरसीवर करून घ्या काकांनी सांगितल्यासारखी. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी केलेली नाही.


नाशिकची_आई:

माझा मुलगा बारा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. गाडी तो चालवणार नाही, पण व्हीलचेअर आत घ्यायला मागे रॅम्प करायचा आहे. आम्हाला यातलं काही लागू होतं का? सगळीकडे 'ड्रायव्हर' असंच लिहिलेलं दिसतं.


मिरजेचे_काका:

ताई, कायद्यातल्या अडॅप्टेड व्हेईकलच्या व्याख्येत दिव्यांग व्यक्तीने वापरलेली किंवा तिच्यासाठी वापरलेली, असं दोन्ही आहे. म्हणजे चालवणारे तुम्ही असलात तरी चालतं. अट अशी की ती गाडी केवळ त्याच्यासाठी असावी. घरात एकच गाडी असेल आणि साहेब तीच घेऊन ऑफिसला जाणार असतील तर तपासणीच्या वेळी प्रश्न येतो. मालकी मुलाच्या नावावर, पालक म्हणून तुमचं नाव, असं करता येईल का ते नाशिकच्या आरटीओत आधी विचारून मगच बुकिंग करा. रॅम्पसाठी डिक्कीचा पत्रा कापणार असाल तर ते काम हँड कंट्रोलपेक्षा फार मोठं, खर्चही कित्येक पटीने. उचलून लावायच्या घडीच्या रॅम्पवर भागतंय का ते आधी बघा. मुलगा आत्ता बारा वर्षांचा आहे, वाढणार आहे, तेव्हा दाराची उंची आजच्या खुर्चीवरून ठरवू नका.


बार्शीची_मास्तरीण:

अपडेट देते. मी २००९ ची, म्हणजे एनपीएस. तिकडे अजून विचारलेलं नाही, कारण बँकेने ऐकलं! काकांचा हिशेब कागदावर लिहून शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी आधी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितला, मग म्हणाले, "शोरूमकडून प्रोफॉर्मा बदलून आणा, करतो." शोरूमने दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटी मी म्हटलं की दुसऱ्या शोरूमला तीच गाडी आहे, तेव्हा लगेच नवा प्रोफॉर्मा व्हॉट्सॲपवर आला. किटची ओळ आहे. 'नोंदणी बदलानंतर' हेही बुकिंग पावतीवर लिहून घेतलं, शिक्क्यासकट (परळीकरांची आठवण झाली). हिल होल्ड असलेलं मॉडेल बारा हजारांनी महाग निघालं, तेच घेतलं.

सोलापूरला तपासणीला जाताना अजून काय काय बरोबर न्यायचं?


मिरजेचे_काका:

गाडीचं बिल, किटचं ५ टक्क्यांचं बिल, किटच्या मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत किटवाल्याच्या सही-शिक्क्यासह, बसवणाऱ्याचं कोणता बदल केला याचं पत्र, बँकेची संमती, विमा, तात्पुरत्या नोंदणीचा कागद, युडीआयडी कार्ड मूळ आणि झेरॉक्स, आधार. कर माफीचा अर्ज वेगळा लिहा, नोंदणीच्या फाइलमध्ये नुसता टोचू नका, त्याची आवक नोंद घ्या. निरीक्षक दांडी ओढून-ढकलून बघतील, ब्रेक लागतो का, पेडल अडकत नाही ना, मूठ सुटत नाही ना. गाडी चालवत न्यायला ह्यांना घेऊन जा, पण तपासणीच्या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर तुम्हीच बसा. आणि सकाळी लवकर पोहोचा, दुपारनंतर ट्रकची रांग लागते.


बार्शीची_मास्तरीण:

लिहून घेतलं काका. गाडी पुढच्या आठवड्यात मिळते आहे, किटवाल्याने त्याच्या पुढच्या शनिवारची वेळ दिली आहे. सोलापूरला काय होतं ते कळवतेच.